वर्गाची सरासरी आणि ५२ वजा १७

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. शिक्षक सतत यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंद-प्रणालीची माहिती आणि चाचण्यांचे गुण ऑनलाइन भरताना दिसतात. त्यातून मुलांचा अभ्यास खरोखर सुधारतो का? समितीने नेमके काय पाहावे?
– एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : कोणती माहिती कशासाठी गोळा होते, हे आधी पाहू. यू-डायसमध्ये पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची नोंद असते. नियोजनासाठी ती हवीच, पण कोणाला वाचता येते हे तिच्यातून कळत नाही. मुलांना किती येते हे तपासणारे २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुना पद्धतीने, म्हणजे निवडक शाळांतील मुलांवर झाले आणि ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने होणारी ‘असर’ ही वाचन-गणिताची पाहणी २००५ पासून ग्रामीण भागात निवडक गावांत घरोघरी जाऊन होते. त्यांवरून एखाद्या शाळेला शाबासकी किंवा दोष देणे गैर आहे.

आपल्या कामाची माहिती मुलांच्या उत्तरपत्रिकांत असते. समजा, ५२ मधून १७ वजा करताना चौथीतील काही मुलांनी ४५ लिहिले आणि एकाने ६९. गुणांच्या रकान्यात सगळ्यांना शून्यच मिळेल. परंतु ४५ लिहिणारी मुले प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहेत, म्हणजे दशक सुटा करण्याची क्रिया त्यांना उमगलेली नाही आणि त्यांना दांडे व सुटे मणी हातात देऊन ती पुन्हा शिकवावी लागेल. ६९ लिहिणाऱ्याने चक्क बेरीज केली आहे. त्याला चिन्हाकडे लक्ष द्यायला सांगून कदाचित भागेल. पोर्टलवर गेलेली सरासरी हा फरक गिळून टाकते. म्हणून गुण भरण्याच्या घाईआधी शिक्षकांना चुकांची वर्गवारी करायला वेळ मिळतो का, हे समितीने विचारावे.

वाचनाबाबतही पाचवीची टक्केवारी मागण्यापेक्षा अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कोणत्या टप्प्यावर किती मुले आहेत व मागे राहिलेल्यांना रोज कोण, केव्हा शिकवते, असा प्रश्न मासिक बैठकीत करावा. मुलांची नावे मात्र तिथे वाचू नयेत. याच आकड्यांवर शिक्षकांची क्रमवारी लावण्याचा मोहही टाळावा, कारण तसे झाले की आकडे सुधारतात आणि वाचन होते तिथेच राहते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले चाचणीच्या दिवशी गैरहजर असतात. ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज, तीच सरासरीतून गळतात आणि निकाल आहे त्यापेक्षा बरा दिसतो. अशा मुलांची वेगळी यादी ठेवून ती परतल्यावर आठवडाभरात त्यांचे वाचन व गणित तपासण्याचा ठराव समितीने करावा.