गोलकीपर केलं म्हणून रडायचं का?

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. उंची 5 फूट 9 इंच. नेटबॉलमध्ये दोन वर्षं गोल शूटर खेळले. यंदा सरांनी हातात गोलकीपरची बिब (खेळायच्या जागेचं नाव लिहिलेली, अंगावर घालायची पट्टी) दिली. पेपरात नाव येतं ते गोल करणाऱ्यांचं. डिफेंडर म्हणून पुढे काही होतं का?
— एक खेळाडू, जुळे सोलापूर

उत्तर : मला ही बिब मिळाली त्या दिवशी मी न जेवता झोपले होते. आईनं आमटीत कडक भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवली आणि एवढंच विचारलं, "खेळायला तर घेतलंय ना?"

इंग्लंडची जीवा मेंटर बघ. गोलकीपर आणि गोल डिफेन्स, म्हणजे समोरच्या शूटरना अडवायच्या, याच तिच्या जागा. 2001 मध्ये सोळाव्या वर्षी देशाकडून पहिल्यांदा उतरली आणि 2023 मध्ये केपटाऊनच्या वर्ल्ड कप फायनलनंतर थांबली. बावीस वर्षं! सहा राष्ट्रकुल स्पर्धा खेळली. त्यात इंग्लंड तीनदा चौथं. चौथं येणं म्हणजे काय, ते राज्य स्पर्धेतून रात्रीच्या एसटीनं हात हलवत परत आलेल्या आम्हाला विचार. दोनदा ब्राँझ. आणि 2018 मध्ये गोल्ड कोस्टला सोनं, तेही ऑस्ट्रेलियाला तिच्याच घरी 52-51 नं हरवून. शेवटच्या क्षणाचा गोल हेलन हाऊसबीचा, त्यामुळे फोटोही तिचाच. पण समोरच्यांना एक्कावन्नवर कुणी अडवलं, हे तू तरी विसरू नकोस.

आता तुझ्या फायद्याचं. तू दोन वर्षं शूटर होतीस, म्हणजे तू घरभेदी आहेस. पास मागताना शूटर आधी कुठल्या पायावर भार टाकते, खोटी हूल कधी देते, हे तुला शिकवावं लागणार नाही. शॉटच्या वेळी तिची नजर रिंगवर असते. तू रिंगकडे बघूच नकोस, तिच्या मनगटाकडे बघ. आपल्या खेळात रिंगमागे फळी नाही. 3.05 मीटरवरची नुसती लोखंडी कडी, तिला लागून चेंडू वेडावाकडा उडतो. मनगट सुटताक्षणी जिनं आत पाऊल टाकून पाठीनं जागा धरली, चेंडू बहुतेक तिचाच.

गोल मोजले जातात आणि तुझं काम मोजलं जात नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून मी माझ्या मुलींना वही घालायला लावते. मिळालेल्या चेंडूंची नाही, नुसतं बोट लागलेल्या चेंडूंची. एकीच्या वहीत जूनच्या पानांवर एखादीच रेघ असायची. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पाच-पाच रेघांच्या जुड्या दिसायला लागल्या. पेपरवाले तरीही आले नाहीत, ते सोड.

प्रश्न : मी तीन फूट मागेच असते, तरी दरवेळी ऑब्स्ट्रक्शनची, म्हणजे फार जवळून अडवल्याची, शिट्टी. पंच मुद्दाम करतात का?
— विजापूर वेस

उत्तर : नाही गं. अंतर 0.9 मीटर असतं आणि ते पायापासून मोजतात, हातापासून नाही. चेंडू जिच्या हातात आहे तिचा जो पाय आधी टेकला तिथपासून तुझ्या जवळच्या पायापर्यंत. तो पाय तिनं नंतर उचलला तरी मोजायचं त्याच जागेपासून. तू तिच्या पुढच्या पायाकडे बघून अंदाज बांधत असणार. गच्चीवर खडूनं 90 सेंटिमीटरवर दोन रेघा मार. डोळे मिटून मागे उडी, मग डोळे उघडून बघ. पंधरा दिवसांत पाय आपोआप शिकतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटोप, आपल्या सोलापुरात नंतर गच्चीवर भाकरी भाजता येईल. शिट्टी झालीच तर वाद घालू नकोस. तिच्या हातून चेंडू सुटेपर्यंत तुला बाजूला नुसतं उभं राहावं लागतं. तेवढा वेळ तुझ्या टीममध्ये एक जण कमी, शिक्षा ती आहे.

प्रश्न : मुलगी गोल डिफेन्स खेळते. गुडघा सुजतो. आणि खरं सांगा, यावर पोट भरतं का?
— एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, पोटाचं आधी. इथे राहून नाही भरत. हा खेळ राष्ट्रकुलमध्ये 1998 पासून आहे, ऑलिंपिकमध्ये अजून नाही. पैसे मिळतात ते मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये. मेंटरही तिकडेच गेली आणि सनशाइन कोस्ट लाइटनिंगची कॅप्टन म्हणून 2017 आणि 2018 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेऊन बसली. त्याच टीममधली दक्षिण आफ्रिकेची कार्ला प्रिटोरियस 2019 च्या वर्ल्ड कपची सर्वोत्तम खेळाडू ठरली, तीसुद्धा गोल डिफेन्स! ती आहारतज्ज्ञही आहे. तेव्हा पुस्तकं माळ्यावर टाकू देऊ नका.

आता गुडघा. चेंडू पकडला की धावत सुटता येत नाही, जागीच थांबावं लागतं. त्या झटक्याचा सगळा भार गुडघ्यावर. न्यूझीलंडच्या केसी कोपुआचा 2014 मध्ये गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा फाटला, ग्लासगोची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. नीट उपचार घेऊन ती परतली, पुढे मुलगी झाल्यावर पुन्हा परतली आणि 2019 चा वर्ल्ड कप जिंकून मगच थांबली. माझी गोष्ट उलटी. मुरमाच्या कोर्टवर गुडघा फिरला, आमच्या तेव्हाच्या सरांनी हळद लावून पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी फायनल खेळवली. आज मला मांडी घालून पंगतीत बसता येत नाही. लग्नात खुर्ची शोधत फिरते.

सूज म्हणजे थकवा नव्हे. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तोवर उडी बंद. तिचे सर कुरकुरले तर त्यांना हे पान वाचायला द्या.