वाचकांचे प्रश्न : दत्तकासाठी नाव नोंदवले आहे, मूल केव्हा येणार?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेत असून दोघांनीही तेथील नागरिकत्व घेतले आहे. भारतातून मूल दत्तक घेण्यासाठी त्यांनी तेथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फत नोंदणी केली, त्याला आता तीन वर्षे होत आली. परंतु अद्याप एकाही मुलाची माहिती त्यांच्याकडे आलेली नाही. हल्ली मुलगी फोनवर हा विषय काढूही देत नाही. इकडे आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी सांगितले, की जिल्ह्यातील एका दवाखान्यात एका अविवाहित मुलीचे बाळंतपण व्हायचे आहे आणि ते मूल परस्पर मिळवून देता येईल. माझा मुलगा आणि सून आपले दुसरे मूल बहिणीला देण्यास तयार आहेत, तोही एक मार्ग दिसतो. शिवाय विशेष गरजा असलेले मूल स्वीकारण्याची तयारी अर्जात दाखवल्यास लवकर नंबर लागेल, असे मुलीच्या संस्थेने सुचवले आहे. यांपैकी काय करावे? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : दवाखान्याचा विषय आधी संपवू, कारण त्यात विचार करण्यासारखे काहीच नाही. आई मुलाचा सांभाळ करू शकत नसेल, तर तिने ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील अधिकृत समितीपुढे, सोपवायचे असते. त्यानंतर निर्णय फिरवण्यासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते, आणि ती संपल्यावरच समिती त्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते. ही वाट सोडून मूल परस्पर देणे किंवा घेणे हा २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात पैशांची देवघेव असेल तर कलम ८१ लागू होते, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. दवाखान्यातील कर्मचारी गुंतलेले असल्यास ती सात वर्षांपर्यंत जाते. कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी असे मूल तुमच्या मुलीपर्यंत पोहोचणार नाही, कारण जन्मदाखल्यावर कोणाचेही नाव घातले तरी अमेरिकेचा व्हिसा देताना दत्तकविधानाचा प्रत्येक टप्पा तपासला जातो. ते बाळ साताऱ्यातच राहील आणि त्याच्या जन्माची नोंद खोटी राहील. त्या गृहस्थांना स्पष्ट नकार द्या, आणि त्या मुलीला खरोखर मदत हवी असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांची माहिती तिच्यापर्यंत पोहोचवा. तिने बाळ रीतसर सोपवलेच, तर ते यादीत ज्यांचा क्रमांक लागेल त्यांना मिळेल, तुमच्या मुलीला नव्हे. हे कटू वाटले तरी योग्य आहे.

भावाचे मूल घेण्याचा मार्ग अप्रामाणिक नाही, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. भारतीय कायद्यात काका-काकू, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना दत्तकासाठी नातलग मानले जाते. तुमची मुलगी त्या मुलाची आत्या असल्याने येथील कायद्याने तिचा अर्ज बाद ठरत नाही. अडचण अमेरिकेच्या बाजूला आहे. भारत आणि अमेरिका हे दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात सहभागी आहेत, आणि त्या करारानुसार मूल अमेरिकेत नेताना तेथील कायदा असे पाहतो, की मुलाचे दोन्ही जन्मदाते हयात व एकत्र असतील, तर ते मुलाचा योग्य सांभाळ करण्यास असमर्थ आहेत का. नोकरी, घर आणि धडधाकट प्रकृती असलेल्या तुमच्या मुलगा-सुनेला ही अट पूर्ण करता येणार नाही, आणि करता यावी अशी इच्छाही कोणी धरू नये. घरच्या घरी होम करून किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र करून मग व्हिसा मागू, असे कोणी सुचवल्यास तेही ऐकू नका. त्या मुलासाठी अमेरिकेची तात्पुरती मंजुरी आणि त्यापुढची दोन्ही देशांची संमतिपत्रे मिळण्यापूर्वी दत्तकविधान उरकले, तर तेच मूल पुढे अपात्र ठरू शकते.

साताऱ्याला दत्तकाचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. दत्तक म्हणजे वारस, घराणे पुढे चालवणारा हात, ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की ज्यांच्या घरात चालवण्यासारखी गादी नाही तेही 'आपल्यातलेच मूल' शोधू लागतात. आजचा कायदा दुसऱ्या टोकापासून सुरू होतो: ज्याला घर नाही अशा मुलासाठी तो घर शोधतो. तुमच्या मुलीची प्रतीक्षा लांबण्याचे कारणही त्यातच आहे.

संस्थेतील मूल दत्तकासाठी मुक्त झाले, की त्याला प्रथम भारतातच कुटुंब मिळावे, असा नियम आहे. परदेशात राहणारा पण भारताचे नागरिकत्व टिकवलेला माणूस अग्रक्रमात येथील रहिवाशाच्या बरोबरीने धरला जातो. तुमची मुलगी आणि जावई मात्र बहुधा 'ओसीआय' कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे, म्हणून नोंदलेले असतील. मूल मुक्त घोषित झाल्यापासून साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालकांकडे जाऊ शकले नाही, तरच ते आंतरदेशीय दत्तकासाठी खुले होते, असे कलम ५९ सांगते. तेथे मात्र परकीयांच्या आधी भारतीय वंशाच्या पालकांना प्राधान्य आहे. आता आकडे पाहा. २०२४-२५ या वर्षात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, व्यवस्थेतून ४,५१५ मुलांचे दत्तकविधान झाले, आणि त्यांतील ४,१५५ मुले देशातच राहिली. देशात नोंदणी करून थांबलेल्या पालकांची संख्या तीस हजारांहून अधिक असून त्यांनाही सरासरी तीन-साडेतीन वर्षे थांबावे लागते. निरोगी तान्ह्या बाळासाठी भारतातच इतके पालक उभे असताना ते साठ दिवस कुटुंबाविना राहण्याची शक्यता किती, याचा हिशेब तुम्हीच करू शकाल. जी मुले त्या साठ दिवसांनंतर उरतात ती बहुतेक पाच वर्षांवरची, भावंडांसह असलेली किंवा एखादा आजार अथवा व्यंग असलेली असतात. क्रमांक पुढे सरकत नाही म्हणून तुमच्या मुलीने काही चुकीचे केले असे नाही. तिच्या अर्जातील अपेक्षा आणि प्रत्यक्ष उपलब्ध मुले यांचा मेळ बसत नसण्याचीच शक्यता अधिक आहे. जगभर हेच चित्र आहे: २००४ मध्ये परदेशांतून अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांची संख्या सुमारे तेवीस हजार होती, ती २०२३ च्या आर्थिक वर्षात १,२७५ वर आली, आणि २०२४ मध्ये चीनने आपली मुले परदेशी दत्तक देणे जवळजवळ पूर्ण थांबवले.

यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. संस्थेने दिलेली माहिती खोटी नाही. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी तयारी दाखवली तर प्रतीक्षा खरोखरच कमी होते. परंतु केवळ प्रतीक्षा कमी करण्यासाठी त्या रकान्यात खूण करणे हे माझ्या मते मुलावर अन्याय करणारे आहे. 'विशेष गरजा' या दोन शब्दांखाली परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टी एकत्र येतात. फाटलेला ओठ किंवा टाळू, जन्मतः आत वळलेले पाऊल, हृदयातील लहान छिद्र यांवर उपचार आहेत, आणि त्यानंतर मूल इतरांसारखे वाढते. टाळूच्या बाबतीत बोलण्याचे प्रशिक्षण काही वर्षे चालते एवढेच. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला नियमित रक्त द्यावे लागते आणि तो आजार घराचे वेळापत्रक ठरवतो. बहिरेपण, एचआयव्ही, अपस्मार, मतिमंदत्व या प्रत्येकासाठी वेगळी तयारी, वेगळे डॉक्टर आणि वेगळा विमा लागतो. म्हणून मुलीने आणि जावयाने एक संध्याकाळ काढून, दत्तक मुलांच्या तपासणीचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाबरोबर एकेका आजाराचे नाव घेऊन बसावे, आणि जे पेलेल तेवढ्यालाच होकार द्यावा. हे आजच करण्याचे कारण असे, की मुलाचा बाल अध्ययन अहवाल (त्याची पार्श्वभूमी आणि वाढ यांची माहिती) आणि वैद्यकीय तपासणी अहवाल समोर आल्यावर ते मूल राखून ठेवण्यासाठी मिळणारा अवधी तासांत मोजलेला असतो. फोटो पाहिल्यानंतर कोणालाही शांतपणे विचार करता येत नाही. शिवाय तो वैद्यकीय अहवाल काही महिने जुना असू शकतो, त्यात जन्मवजन किंवा आईच्या प्रकृतीची नोंद नसण्याचीही शक्यता असते. अशा वेळी कोणत्या तपासण्या पुन्हा मागायच्या, याची यादी आधीच तयार असली पाहिजे.

आणि येथे थोडे तुमच्याविषयी. फाटलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झालेली नात घेऊन मुलगी गणपतीत साताऱ्याला आली, तर आल्यागेल्यासमोर तुम्ही काय बोलाल, याचे उत्तर तिला आज हवे असते, जरी ती ते विचारत नसली तरी. होकार देताना कित्येक जोडपी डॉक्टरांपेक्षा आईवडिलांच्या चेहऱ्याचा अधिक विचार करतात. तुमचे मन त्यासाठी तयार असेल तर तसे तिला एकदा सरळ सांगा. नसेल तर तेही तिला कळू द्या, कारण मूल घरी आल्यावर ते कळणे फार वाईट.

कागदपत्रांकडे तुम्ही लक्ष वेधू शकता. होणाऱ्या पालकांचे घर आणि परिस्थिती पाहून केलेला गृह अध्ययन अहवाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणजे तुमच्या मुलीचा अहवाल संपण्याच्या बेतात असेल. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची पात्रता मंजुरी साधारण पंधरा महिन्यांची असून ती वेळेत वाढवून घ्यावी लागते. घर बदलले, नोकरी बदलली किंवा मोठे आजारपण झाले तर ते संस्थेला कळवावे लागते. दोघांच्या वयांच्या बेरजेलाही मर्यादा आहे: २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९० आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी १००. आपण कोणत्या वयोगटासाठी पात्र आहोत आणि अर्जात कोणता वयोगट मागितला आहे, एवढे दोन प्रश्न तिने संस्थेला लेखी विचारावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला किंवा दोन भावंडांना घर देण्याची मनापासून तयारी असेल, तर माझा कल त्या बाजूला आहे.

मुलीशी फोनवर बोलताना 'काही कळले का' हे विचारणे तेवढे थांबवा. कळले तर ती तुम्हालाच आधी सांगेल.

प्रश्न : माझा भाऊ आणि वहिनी दुबईत असून दोघे भारतीय नागरिक आहेत. त्यांना दुसऱ्या राज्यातील एका संस्थेतील सात वर्षांच्या मुलीची माहिती आली आणि त्यांनी ती स्वीकारली आहे. दत्तकाचा आदेश मात्र अजून व्हायचा आहे. आई म्हणते, की आम्ही जाऊन मुलीला पाहून यावे, खाऊ द्यावा. तिचा फोटो आम्ही नातेवाइकांना पाठवला, त्यावरून भाऊ रागावला. आमचे काय चुकले? — एक वाचक, वाई

उत्तर : भावाचा राग योग्य आहे. संस्थेतील मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्यांना फोटो पाठवला त्यांना तो काढून टाकण्यास सांगा. संस्थेत परस्पर जाऊ नका. भेट कोणी, कधी आणि कशी घ्यायची हे संस्था आणि होणारे आईवडील ठरवतील, आणि पहिली ओळख त्यांचीच झाली पाहिजे. पाच वर्षे किंवा त्याहून मोठ्या मुलाची दत्तकासाठी संमती घेतली जाते, हेही आईंना सांगा. म्हणजे ती मुलगीही तुमच्या घराविषयी निर्णय घेत आहे, आणि खाऊ घेऊन आलेली अनोळखी माणसे पाहून ती गोंधळण्याची शक्यता आहे. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि अर्जाचा निकाल दोन महिन्यांत लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. त्यानंतर पासपोर्ट आणि व्हिसा. तेवढ्या काळात संस्थेची परवानगी असेल तर घराची आणि आजी-आजोबांची छायाचित्रे असलेली एक लहान वही भावाच्या हाती पाठवा, आणि तिला कोणती भाषा येते हे विचारून त्या भाषेत चार वाक्ये लिहा. नाव बदलण्याचा आग्रह आई धरतील असे वाटते. सात वर्षांच्या मुलीला तिचे नाव तिचे वाटते, तेव्हा तो विषय तिनेच काढेपर्यंत काढू नये.