आयतीत बिग बँग शोधण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बिग बँग, गर्भाची वाढ, सगळं काही कुरआनात १४०० वर्षांपूर्वीच येऊन गेलंय असं सांगणारे व्हिडिओ सारखे समोर येतात. उलट काही मित्र ठासून सांगतात की इस्लाम आणि विज्ञान यांचं जमणंच शक्य नाही, अल-गझाली या धर्मपंडिताने तर नऊशे वर्षांपूर्वीच विज्ञानाला मूठमाती दिली. मग धरायचं काय?

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि तफसीर, म्हणजे कुरआनावरची भाष्यं, बऱ्याच वर्षांपासून आवडीने वाचतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. कुरआन हा विज्ञानाचा ग्रंथ नाही आणि आयतींमधून, म्हणजे त्यातल्या वचनांमधून, आजचे सिद्धांत काढून दाखवायचा उद्योग बराचसा अलीकडचा आहे. त्याने विज्ञानाचं भलं होत नाही, कुरआनाचं तर मुळीच होत नाही. आणि हा ग्रंथ मनापासून मानणाऱ्या माणसांनी काही शतकं जगातलं सर्वोत्तम विज्ञान केलं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवता आल्या की बाकीचा गोंधळ बराच निवळतो.

बिग बँगपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त व्हिडिओ त्यावरच आहेत. आधार दिला जातो तो सूरा (म्हणजे अध्याय) अल-अंबियाच्या ३०व्या आयतीचा. तिचा आशय असा : आकाश आणि पृथ्वी जोडलेली होती, आम्ही ती वेगळी केली आणि पाण्यापासून प्रत्येक सजीव वस्तू घडवली, हे नाकारणाऱ्यांनी पाहिलं नाही का? वरवर पाहता विश्वाच्या उगमाचंच वर्णन वाटतं. पण विज्ञान काय म्हणतं ते नीट पाहा. विश्वाचा प्रसार सुरू होऊन सुमारे १३.८ अब्ज वर्षं झाली. पृथ्वी सुमारे ४.५ अब्ज वर्षांपूर्वीची, म्हणजे नऊ अब्जांहून अधिक वर्षांनी जन्मलेली. सुरुवातीला पृथ्वी नव्हतीच, मग ती आकाशाला जोडलेली होती हे बिग बँगचं वर्णन कसं होणार?

आता अत-तबरीने काय लिहिलंय ते वाचा. ९२३ साली वारलेला हा भाष्यकार आधीच्या पिढ्यांनी सांगितलेले अर्थ एकापुढे एक नोंदवतो आणि मग आपला कौल देतो. त्याला पटलेला अर्थ असा : आकाश बंद होतं, पाऊस पडत नव्हता, जमीन बंद होती, काही उगवत नव्हतं, मग दोन्ही उघडली. आयतीचा शेवट पाण्यावर का येतो, हे या अर्थाने लगेच उलगडतं. 'पाहिलं नाही का' हा प्रश्नही बरोबर बसतो, कारण पाऊस पडून कोरडी जमीन हिरवी होताना सातव्या शतकातल्या प्रत्येक अरबाने पाहिली होती. आयत त्याला त्याच्या डोळ्यांपुढचं दाखवत होती. बिग बँगवाल्या अर्थात हे सगळं हरवतं.

असाच मोह दुसऱ्या धर्मातही झाला होता आणि तो कोणी आवरला हे माहीत असायला हवं. प्रसरणशील विश्वाची कल्पना मांडणाऱ्यांपैकी जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक पाद्री होता. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीचा पुरावा असल्यासारखं भाषण केलं, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाला. सिद्धांताची श्रद्धेशी सांगड घालू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळी विश्वाला आरंभच नाही असं मानणारा 'स्थिर स्थिती' सिद्धांतही तोलामोलाचा मानला जात होता. पारडं ठामपणे बिग बँगकडे झुकलं ते १९६५ साली वैश्विक पार्श्वप्रारणाचा, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून उरलेल्या प्रारणाचा, शोध जाहीर झाल्यावर. निकाल उलटा लागला असता, तर धर्मवचन त्याच्याबरोबर बुडालं असतं. लमेत्रला विज्ञान कसं चालतं हे आतून ठाऊक होतं, म्हणून तो घाबरला. व्हिडिओ करणाऱ्यांना ही भीती वाटत नाही, याची मला काळजी वाटते.

गर्भाच्या वाढीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. सूरा अल-मुअमिनूनच्या १२ ते १४ या आयतींत थेंब, मग चिकटून राहणारा किंवा गोठलेल्या रक्तासारखा गोळा, मग मांसाचा घास, मग हाडं आणि हाडांवर मांसाचं आवरण असा क्रम येतो. १९८०च्या दशकात कीथ मूर या कॅनेडियन भ्रूणशास्त्रज्ञाने या वर्णनाची प्रशंसा केली आणि तेव्हापासून त्याचं नाव प्रत्येक भाषणात घेतलं जातं. पण गर्भ टप्प्याटप्प्याने घडतो ही कल्पना दुसऱ्या शतकातल्या गॅलेनच्या ग्रीक वैद्यकात होती, त्याच्याही आधी हिपोक्रेटिसच्या परंपरेत होती. हे जुन्या मुस्लिम विद्वानांना चांगलं माहीत होतं. १३५० साली वारलेला इब्न कय्यिम अल-जौझिया हा कट्टर धर्मपंडित गर्भाबद्दल लिहिताना आयती आणि हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, यांच्या जोडीला हिपोक्रेटिसची वचनंही देतो आणि त्यात त्याला काही अवघड वाटत नाही. आणि शब्दशः विज्ञानच काढायचं म्हटलं तर अडचण पुढे आहे. आधी हाडं तयार होतात आणि मग त्यांच्यावर स्नायू चढतात, असा क्रम गर्भात नसतो. कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, साचे आणि स्नायू साधारण एकाच काळात घडत जातात, त्या कूर्चेचं हाड होण्याची क्रिया नंतर सुरू होऊन जन्मानंतरही चालू राहते. मी या आयती वाचतो तेव्हा मला त्यात माणसाच्या क्षुद्र सुरुवातीची आठवण दिसते आणि पुढच्याच दोन आयतींत मृत्यू आणि पुनरुत्थान येतं. बोलणं त्याबद्दल चाललंय. सूक्ष्मदर्शक तिथे नेऊन बसवला की बोलणाऱ्याचा मुद्दाच ऐकू येईनासा होतो.

अमुक शब्द अमुक वेळा आला म्हणून चमत्कार, हे आकड्यांचे दावे मी सोडून देतो. एकवचन, अनेकवचन, जोडलेली रूपं यांतलं काय मोजायचं हे ज्याचं त्याने ठरवलं, की हवा तो आकडा मिळतो.

हा प्रकार सुरू कधी झाला? कुरआनात सगळ्या विद्यांची बीजं आहेत असं जुन्या काळीही काहींनी म्हटलंय, गझालीनेही म्हटलंय. पण आयतीसमोर प्रयोगशाळेतला शोध ठेवायची पद्धत वाढली ती युरोपीय सत्ता, तोफा, आगगाडी आणि तारायंत्र मुस्लिम देशांत येऊन धडकल्यावर. इजिप्तच्या तंतावी जौहरीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विज्ञानाच्या माहितीने आणि चित्रांनी भरलेलं २६ खंडांचं भाष्य लिहिलं. १९७६ साली मॉरिस ब्यूकाय या फ्रेंच डॉक्टरचं कुरआन विज्ञानाशी जुळतो असं सांगणारं पुस्तक आलं, १९८४ साली सौदी अरेबियात अशा 'वैज्ञानिक चमत्कारां'साठी खास आयोगच उभा राहिला. हरलेल्या, अपमानित झालेल्या समाजाला ताठ मानेने उभं राहायचं होतं, ही भावना मला समजते आणि तिची टर उडवणाऱ्यांचा मला राग येतो. तरीही मार्ग चुकीचा होता. शोध दुसऱ्यांनी लावायचा आणि नंतर तो आपल्या ग्रंथात सापडला म्हणायचं, यात आपल्या मुलांच्या हाती शोध लावायची एकही रीत येत नाही. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाच्या अश-शातिबी या धर्मपंडिताने बजावून ठेवलं होतं की ज्या अरबांना कुरआन प्रथम ऐकवला गेला, त्यांना समजेल असाच त्याचा अर्थ घ्यायला हवा, त्यांना ठाऊक नसलेल्या विद्या त्यावर लादू नयेत. ते कोणी व्हिडिओत सांगत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, कारण गझालीवरचा आरोप मला त्याहून जास्त बोचतो.

पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहिम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. अभ्यासक ते २७ जानेवारी ६३२ या दिवशीचं मानतात. लोक म्हणू लागले, मुलाच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. पैगंबरांनी ते साफ नाकारलं : सूर्य आणि चंद्र ही अल्लाहची चिन्हं आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. पोटचा मुलगा गेलेल्या दिवशी, लोक स्वतःहून चमत्कार हातात आणून देत असताना. बुखारीच्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या हदीस-संग्रहात ही हदीस आहे आणि या सगळ्या वादात मला ती सर्वांत मोलाची वाटते.

गझाली १०९५च्या सुमारास तत्त्वज्ञांवर टीका करणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहितो आणि प्रस्तावनेतच याच ग्रहणाकडे येतो. तो म्हणतो, चंद्र मध्ये आल्याने सूर्यग्रहण होतं हे गणिताने सिद्ध आहे. धर्मरक्षणाच्या नावाखाली जो ते खोडायला जातो तो धर्मालाच दुबळं करतो. त्या हदीसला जोडलेलं एक वाक्य गणिताच्या आड येतं असं कोणी म्हणालं, तर गझालीचं उत्तर आहे की ती जोड अस्सल नाही. आणि असती, तरी सिद्ध झालेली गोष्ट नाकारण्यापेक्षा वचनाचा वेगळा अर्थ लावणं सोपं होतं. अडाणी मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, हे वचनही तो तिथेच देतो. विज्ञानाचा मारेकरी म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याची ही भूमिका आहे.

त्याच्या विचारात खरी अडचण दुसरीकडे आहे. कापसाला विस्तव लागला की कापूस जळतो, पण विस्तवच जाळतो हे आपण पाहिलेलं नाही, आपण फक्त दोन घटना एकापाठोपाठ पाहतो, जाळणारा अल्लाह आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. कार्यकारणाची सक्ती नाकारली तर ज्ञानच उरत नाही, असं इब्न रुश्द या तत्त्वज्ञाने पुढच्या शतकात त्याला सुनावलं. मी इथे इब्न रुश्दच्या बाजूने आहे. पण गझालीही म्हणतो की निसर्गाचा क्रम ही अल्लाहची नित्याची रीत आहे आणि त्या क्रमावर विसंबण्याइतकं ज्ञान त्याने आपल्याला दिलंय. तेवढ्यावर वेधशाळा चालू शकते. आणि चालल्याच. गझाली ११११ साली वारला. त्यानंतर १२५९ साली इराणात खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसीची मराघा वेधशाळा उभी राहिली. फुप्फुसांतून होणारं रक्ताभिसरण सांगणारा इब्न अन-नफीस तेराव्या शतकातला, तो शाफई पंथाच्या धर्मकायद्याचाही जाणकार होता. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्या इब्न अश-शातिरने चंद्राच्या गतीची जी मांडणी केली, ती गणिताच्या दृष्टीने कोपर्निकसच्या मांडणीशी जुळते. मशिदीचा पगारी खगोलशास्त्रज्ञ! नमाजाची वेळ, किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, दिशा, वारसाहक्काची वाटणी या धर्माच्या गरजा होत्या आणि त्यांनी त्रिकोणमितीला व बीजगणिताला काम दिलं. अल-ख्वारिझमी या गणितज्ञाच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाच्या हिशेबांचाच आहे.

हे सगळं एकट्या इस्लामचं श्रेय नव्हे, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवं. बगदादला ग्रीक ग्रंथांची भाषांतरं करणाऱ्यांत हुनैन इब्न इसहाक हा ख्रिस्ती वैद्य अग्रणी होता. अंकलेखनाची पद्धत आणि ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतलं खगोलगणित भारतातून गेलं. अल-बिरूनी हा विद्वान सांगतो, एका धर्मनिष्ठाने वेळ मोजायचं उपकरण वापरायला नकार दिला, कारण त्यावर रोमी, म्हणजे बायझंटाइन, महिने कोरले होते. त्याला उत्तर मिळालं : रोमी लोक जेवतातही, मग जेवणातही त्यांचं अनुकरण करू नकोस.

विरोध झालाच नाही असंही नाही. १५७७ साली इस्तंबूलला उभी राहिलेली तकीउद्दीनची वेधशाळा १५८०मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. त्यामागे दरबारातलं राजकारण होतं तसा धर्मप्रमुखांचा विरोधही होता. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

आजचा खरा पेच उत्क्रांतीचा आहे. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ साली खनिज, वनस्पती, प्राणी, माकड, माणूस अशी चढती साखळी लिहिली, म्हणून उत्क्रांती आमचीच असा दावा होतो. तो टिकत नाही. नैसर्गिक निवडीची यंत्रणा त्यात कुठेच नाही. अल-जिस्र या लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या धर्मपंडिताने १८८८ साली घेतलेली भूमिका मला अधिक कामाची वाटते : हा सिद्धांत निर्विवाद सिद्ध झाला, तर आयतींचा अर्थ त्याला धरून लावता येईल. त्याच्या मते तेव्हा तो सिद्ध झालेला नव्हता. त्याच्यानंतर जनुकांचा शोध, डीएनए, जीवाश्मांच्या रांगा आल्या, आणि माझ्या मते ती अट पूर्ण झाली आहे. बऱ्याच उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, हे मान्य नाही. काही जण इतर सगळ्या सजीवांसाठी उत्क्रांती मानतात आणि आदमला, म्हणजे पहिल्या माणसाला, तेवढं वेगळं ठेवतात. तुर्कस्तानने २०१७ साली ती शालेय अभ्यासक्रमातून काढायचं जाहीर केलं, तर इराणच्या पाठ्यपुस्तकांत ती शिकवली जाते. म्हणजे 'इस्लामची भूमिका' अशी एकच वस्तू कुठे ठेवलेली नाही.

मी वर्गात उत्क्रांतीचा विषय निघाला की पुरावा पूर्ण मांडतो, त्यातलं काही गाळत नाही. मग एखादी मुलगी तास संपल्यावर थांबून विचारते, सर, आदमचं काय? तिला मी म्हणतो, जीवशास्त्राच्या पेपरात जीवशास्त्राचंच उत्तर लिही. आदमच्या आयतींसाठी घरी तफसीर उघड आणि एकाच भाष्यकारावर थांबू नकोस, तबरी वाच, राझी वाच. कुरआनातल्या झुल-करनैन या प्रवासी राजाला सूर्य चिखलाच्या झऱ्यात मावळताना दिसला, या आयतीवर १२१० साली वारलेला फखरुद्दीन राझी लिहितो की सूर्य पृथ्वीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे, तो झऱ्यात मावणार कसा. तेव्हा हे त्या प्रवाशाच्या नजरेला जे भासलं त्याचं वर्णन आहे. ते पान ती वाचून आली की आदमवर आम्ही पुन्हा बोलतो.