प्रार्थनेला एजंट लागत नाही

पत्रं सातपूरची, नाशिकरोडची, पंचवटीची, एखादं थेट सटाण्याचं. अक्षर वेगळं, गोंधळ तोच: देवाशी स्वतःचं नातं जोडायचं म्हणजे रोज नेमकं करायचं काय? चर्चचं पाळकपण करता करता केस पिकले, हा प्रश्न काही थांबला नाही. म्हणून काही पत्रं एकत्र घेतो. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

रोज रात्री प्रार्थनेला बसते. दोन मिनिटांत मन परीक्षा, इन्स्टाग्राम, घरातली भांडणं असं भटकायला लागतं. माझा विश्वास कमी पडतो का? (विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

विश्वास नाही, झोप कमी पडते. रात्री अकराला अंथरुणात बसून प्रार्थना केली तर डोळे मिटणारच. गेथशेमाने बागेत शिष्यांचंही तेच झालं होतं. येशू स्वतः पहाटे अंधार असताना उठून एकांतात जात असे. तुम्ही सकाळची पंधरा मिनिटं काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, बायबल छापील घ्या. मार्कपासून सुरुवात करा, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यांत छोटं, 16 अध्यायांचं. एका वेळी एकच प्रसंग वाचा. त्यात येशू कुणाशी कसा वागला ते पाहा आणि त्यावर त्याच्याशीच बोला, ओठ हलवून, ऐकू येईल इतपत.

मन भांडणाकडे पळालं तर त्याला ओढून आणू नका, भांडणाबद्दलच बोला. मन जिथे जातं तोच त्या दिवशीच्या प्रार्थनेचा विषय. मात्र घरातली भांडणं हात उगारण्यापर्यंत जात असतील, तर नुसती प्रार्थना करत बसू नका. कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एखाद्या जाणत्या बाईंना आजच सांगा.

गुडघे टेकवत नाहीत. खुर्चीवर बसून केलेली प्रार्थना चालते का?

चालते. गुडघे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आजोबांच्या बायबलचं मराठी जड जातं. सोप्या भाषेतलं वाचलं तर दोष लागेल का?

नाही. अडलेल्या ओळीपुरती दोन्ही शेजारी ठेवा, तरी नाही कळलं तर रविवारी पाळकांना विचारा.

नवऱ्याला बरीच वर्षं शुगर आहे, इन्सुलिन चालू होतं. ओळखीच्या बाईंनी एका पास्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलं. ते 501 रुपयांत ‘अभिषेकाचं तेल’ पाठवतात. तेल लावल्यावर सुई घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगतात. नवऱ्याने चार दिवस इन्सुलिन घेतलेलं नाही. (सातपूर)

या ताईंना पत्र मिळताच फोन केला. त्यांचे पती आता उपचार घेत आहेत. पुढचं लिहितो ते बाकीच्यांसाठी, कारण ही बाटली आता घरोघरी पोचली आहे. मी पाहिली आहे ती: बोटाएवढी, झाकणाला लाल दोरा, वासावरून साधं खोबरेल, लेबलावर कबुतर आणि कबुतराखाली पैसे भरायचा क्यूआर कोड.

आधी जिवाचं. इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. बंद झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. उलट्या, धाप, गुंगी असेल तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. चुकलेले डोस एकदम भरून काढायचे नाहीत, किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता शास्त्राचं. तेलवाले बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करतात. तो पुरा वाचा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एवढंच तिथे आहे. वडील घरी येतात. कुरिअर येत नाही. पैशाचा तर उल्लेखच नाही. पैशाचा उल्लेख हवा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडा. शोमरोनातला शिमोन जादूगार पवित्र आत्म्याचं दान विकत घ्यायला पैसे घेऊन येतो आणि येशूचा शिष्य पेत्र त्याला तुझे पैसे तुझ्याबरोबरच नाश पावोत म्हणून झाडतो.

आणि औषध घेणं अविश्वास कधीपासून झालं? प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पोटाच्या तक्रारीसाठी आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तेव्हाच्या समजुतीप्रमाणे ते औषधच. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी असताना मागे ठेवून गेला. स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा गेला नाही. एवढा मोठा प्रेषित, त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची यांच्यात हिंमत आहे का? देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो कुणाच्या क्यूआर कोडने बांधलेला नाही, हाही त्याच विश्वासाचा भाग.

कायद्याचंही ऐका. मंत्रतंत्राने किंवा चमत्कारी उपायाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. ग्रुपवरच्या संदेशांचे फोटो जपून ठेवा आणि तक्रारीसाठी वकिलाचा सल्ला घ्या.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. पेठ रोडच्या आरटीओत एजंट धरायची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की देवाच्या दारातही आपण एजंटच शोधतो. ‘पास्टरांची प्रार्थना लवकर पोचते’ हे मी चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरांत ऐकतो. येशूने शिकवलेली प्रार्थना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. त्या हाकेत तुम्ही आणि तो, मध्ये कुणी नाही. मग मी पाळकांना विचारा असं का म्हणतो? पाळक तुमच्याबरोबर बसतो, तुमच्या ऐवजी नाही. तुमच्या वतीने देवाशी बोलतो म्हणून जो पैसे मागेल, त्याच्या ग्रुपमधून बाहेर पडा आणि आपल्या मंडळीच्या पाळकांना कळवा.

आई फेब्रुवारीत गेली. आयसीयूबाहेर रात्ररात्र प्रार्थना केली होती. आता देवापुढे तोंड उघडत नाही, राग येतो. हे पाप आहे का? (इंदिरानगर)

नाही. हा राग तुम्ही पाठ फिरवून धरला आहे, तो त्याच्या तोंडावर बोला. बायबलमधल्या 150 स्तोत्रांतली कितीतरी गाऱ्हाणीच आहेत. तेराव्यात ‘किती काळ’ हा एकच प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. क्रूसावर येशूच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य: तू माझा त्याग का केलास? ही तीन स्तोत्रं आळीपाळीने मोठ्याने वाचा. स्वतःचे शब्द येईपर्यंत उसने वापरले तरी हरकत नाही.

‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ असं भेटायला येणारे सांगतात. हे शास्त्रात कुठेही नाही. चहा पाजा आणि सोडून द्या.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. म्हणून विचारतो: तुम्ही जेवता का, झोपता का? दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा.

घरात देवघर आहे, पण येशूबद्दल वाचून ओढ वाटते. प्रार्थनेसाठी आधी धर्म बदलावा लागतो का? घरी न सांगता बाप्तिस्मा घेता येईल? (पंचवटी)

प्रार्थनेसाठी नाही. शुभवर्तमान वाचा, मनातलं बोला, शंका विचारा. बाप्तिस्म्याची घाई करू नका, आणि तुमच्यामागे कुणी घाई लावत असेल तर दोन पावलं मागे सरका. कवी ना. वा. टिळकांना प्रवासात नवा करार मिळाला. वाचन, पत्रव्यवहार, वादविवाद सगळं करून 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, आपल्या इथल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत, त्यांनी स्वतःचं समाधान करून 1900 मध्ये घेतला. मधल्या काळात त्या संसाराने काय सोसलं ते उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून घरच्यांपासून लपवू नका. बाप्तिस्मा मंडळीसमोर होतो, चोरून घ्यायची गोष्ट नव्हे. वय 18 च्या आत असेल तर आईवडिलांना सोडून पुढचं पाऊल नकोच. आणि अनुसूचित जातीचा दाखला असेल तर आधी वकिलाला भेटा: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. हे तुम्हाला आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोललो होतो. या वर्षी यात्रेला जाता आलं नाही. काही वाईट होईल का?

बाळ येशू सूड उगवत नाही. पण बोललात तर पाळा, आणि पुढच्या वेळी बोलण्याआधी विचार करा. बाकी तिथल्या फादरना विचारा, ते घर त्यांचं.

निवृत्त झाल्यावर सगळा वेळ देवालाच देणार आहे. तोवर रविवारची उपासना पुरे ना? (अंबड एमआयडीसी)

साहेब, निवृत्तांना वेळ असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? नातवंडं, बँक, दवाखाना यांतून किती उरतो ते मला विचारा. कंपनीच्या बसमध्ये रोज बसता ना? प्रभूची प्रार्थना, तीच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सावकाश म्हटली तरी एक मिनिट लागत नाही. सोमवारी पहिल्या पाळीला जाताना म्हणा. आणि या रविवारी आशीर्वाद मिळताच पार्किंगकडे पळू नका, पाच मिनिटं थांबून पाळकांना भेटा.