त्याला माफी नको होती

"माझ्या धावण्याचा भार घरच्यांवर पडतोय. मी स्वार्थी आहे का?" लहान मुलं असलेल्या आणि नेमाने धावणाऱ्या आईवडिलांकडून हा प्रश्न जोडप्यांची समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मी त्यांनाच आधी विचारते, जोडीदाराने तशी तक्रार केली आहे का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही हो, उलट तोच पाठवतो. म्हणून तर जास्त वाईट वाटतं."

अशाच एका जोडप्याची ही हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. दोन मुलं, धाकटा तीन वर्षांचा. ती हाफ मॅरेथॉनची, म्हणजे २१.१ किलोमीटरची तयारी करत होती. बाहेरचे लोक हिशेब धरतात तो फक्त पळण्याच्या वेळेचा. पण आदल्या रात्रीचं लवकर झोपणं, सुट्टीच्या पहाटेचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, आणि त्याच दुपारी मिटू लागणारे डोळे, हे सगळं घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला येतं. तिला ते पुरेपूर कळत होतं. म्हणून घरी आल्यावर घाम पुसायच्या आधी ती कामाला लागायची आणि दिवसभर "सॉरी" म्हणत राहायची.

सुरुवातीच्या भेटींत तीच बोलत होती. मग मी नवऱ्याला बोलावलं. शांत माणूस. बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, ही माफी मागते ना, तेव्हा मी आतून चिडलोय असं हिने धरूनच ठेवलंय असं वाटतं. मी चिडलेलो नाही. पण मी काय करतो ते हिला दिसतं का, हे मला कळत नाही."

"सगळं दिसतं मला," ती म्हणाली.

"मग सांगा त्यांना," मी म्हटलं. "आभार मानू नका. त्यांनी काय केलं, तेवढंच सांगा."

ती गडबडली. "हा मुलांना बघतो..." एवढ्यावर अडली. मी गप्प राहिले. अशा वेळी आपण शब्द पुरवायचे नसतात, हे या कामात मुरल्यावरच जमतं. हळूहळू ती बोलू लागली. मागे एकदा ती पळायला गेली असताना धाकट्याला ताप भरला. ती परतली तेव्हा थर्मामीटरखाली एक कागद होता. त्यावर याच्या अक्षरात किती वाजता किती ताप होता आणि औषध कधी दिलं, ते ओळीने लिहिलेलं.

"आणि मी भांडले, फोन का नाही केलास म्हणून."

"केला असता तर तू अर्ध्यातून परत फिरली असतीस. मला जमत होतं. ताप वाढला असता तर केलाच असता."

"तू डगमगला नाहीस. दर तासाला उठून ताप बघितलास, आणि वर मोठीला शांतही ठेवलंस."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तो कागद तू वाचलास?"

"अजून आहे माझ्याकडे."

मला त्या क्षणी जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येक जोडप्याला सांगते. तिची माफी तिच्या अपराधी भावनेबद्दल होती, त्याच्याबद्दल नव्हतीच. मुलं सांभाळून झाल्यावर त्याला तिची समजूतही काढावी लागत होती. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो यांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये मांडलेलं निरीक्षण हेच सांगतं: आपल्याला काय मिळालं यापेक्षा समोरच्याने काय केलं हे बोलून दाखवलं, तर ते त्याच्या मनाला जास्त भिडतं. "तुझ्यामुळे माझं टायमिंग सुधारलं" यात मी आहे. "तू ताप लिहून ठेवलास" यात तो आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. उत्तम आधार बरेचदा जाणवतच नाही. न केलेला फोन हा त्यातलाच. धावणाऱ्याला त्याने मोकळं वाटतं, पण देणारा माणूस मात्र दिसेनासा होतो. म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो. रोज नको, पण घडलेली एक गोष्ट त्याच दिवशी, नेमकी, माफीची जोड न देता सांगा. निघताना सूचनांची यादी हातात देऊ नका. त्याची पद्धत वेगळी असेल, मूल सुखरूप असेल तर ती चालू द्या.

मात्र जोडीदार खरोखर थकला असेल तर कौतुकाने भागणार नाही. तिथे किलोमीटरच कमी करायला हवेत. तो थकलाय का, हे त्याला सरळ विचारा. या नवऱ्याला विचारल्यावर तो म्हणाला, आठवड्यातून दोन संध्याकाळी पोहायला जायचंय. इतके दिवस त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं.

आता ती पूर्ण मॅरेथॉनचा, ४२.१९५ किलोमीटरचा विचार करते आहे. त्या तयारीत लाँग रन तीस किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. म्हणजे सुट्टीची अख्खी सकाळ जाते. मी दोघांना सांगितलंय, नाव नोंदवण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा, आणि त्यात पहिल्यांदा त्याच्या पोहण्याच्या संध्याकाळी भरा.