टाकीतला जिताडा जानेवारीत अंडी देईल का?

प्रश्न : ताई नमस्कार, पेणजवळ शेडमध्ये माझ्या चार आरएएस (तेच पाणी गाळून पुन्हा वापरायच्या) टाक्या आहेत, दोन वर्षं जिताडा वाढवतोय, मासे आता दोन-अडीच किलोचे झालेत. बी, म्हणजे माशाची पिल्लं, दरवेळी बाहेरून आणावं लागतं आणि हवं तेव्हा मिळत नाही. म्हणून जुलैत हार्मोनचं इंजेक्शन देऊन बघितलं, पण अंडी एक नाही. शेडमध्ये ना ऊन ना पाऊस, मग सीझन आपल्या हातात का येत नाही?

उत्तर : दादा, इंजेक्शनला दोष देऊ नका, तुमच्याकडे बहुतेक मादीच नाहीये! जिताडा आधी नर असतो आणि वय-वजन वाढलं की त्याचीच मादी होते, साधारण चार-पाच किलोच्या पुढे. म्हणजे तुमचे सगळे अजून नरच असणार. यातले चांगले वीस-पंचवीस विकू नका, ठेवा, आणि मोठे मासे कोणाच्या तळ्यात मिळाले तर जिवंत आणा.

दुसरं पाणी. आपल्या खाड्या पावसात गोड होतात, पण जिताडा अंडी घालायला समुद्राकडे उतरतो, त्याला 28 ते 32 पीपीटी (हजार भाग पाण्यात इतके भाग मीठ) खारटपणा लागतो, बोअरच्या पाण्यात तो नुसता वाढेल, अंडी देणार नाही.

आता सीझनचं. माशाला कॅलेंडर कळत नाही, पण रात्र किती लांब आहे ते कळतं. अंधारात त्याच्या डोक्यातल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यावरून आणि पाण्याच्या तापमानावरून मेंदू ठरवतो की अंडाशय जागं करायचं की नाही. म्हणून ब्रूडरची, म्हणजे अंडी-पिल्लांसाठी ठेवलेल्या मोठ्या नर-माद्यांची, टाकी वेगळ्या खोलीत घ्या, दोन-तीन महिने 24-25 अंश आणि 11 तास उजेड ठेवून त्यांना हिवाळा द्या, मग हळूहळू, एकदम नाही, 28-30 अंश आणि 13-14 तासांवर आणा. हा हिवाळा ऑगस्टपासून लावलात तर जानेवारी गाठता येईल. टाइमर लावाच. आणि रात्री खाद्य टाकायला किंवा पंप बघायला कोणी ट्यूबलाइट लावली की तुमची लांब रात्र तिथेच मोडते, ही चूक मी फार शेडमध्ये बघितली आहे आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो, कारण खर्च सगळा झालेला असतो.

हार्मोन शेवटी. लवंग तेलात मासा गुंगवून बारीक नळीने अंड्यांचा नमुना काढा, अंडं 0.45 मिमीच्या पुढे गेलं असेल तरच एलएचआरएच (अंडी सोडायला लावणारं हार्मोन) द्या, मादीला किलोमागे 60-70 मायक्रोग्रॅम, नराला त्याच्या निम्मं. अंडी लहान असताना दिलेलं औषध फुकट जातं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, साधारण 30-36 तासांनी, बहुतेक संध्याकाळनंतर, अंडी पडतात.

हे आपल्या देशात होतं बरं का, चेन्नईच्या सिबा या सरकारी संस्थेनं 1997 मध्येच बंदिस्त जिताड्याचं बीज काढलं होतं. तिथलं ट्रेनिंग मिळालं तर सोडू नका.

आणि रोटिफरची (पिल्लांचं पहिलं खाद्य असलेल्या सूक्ष्म जीवांची) टाकी इंजेक्शनच्या निदान पंधरा दिवस आधी चालू करा, 28 अंशाला 17-18 तासांत पिल्लं बाहेर येतात, दोन-तीन दिवसांत तोंड उघडतं आणि तेव्हा पाण्यात खायला नसेल तर सगळी बॅच जाते.