हरवली, हिरावली की टाकली?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेलिक भाषा आणि तिच्या बहिणी, आयरिश व मँक्स, बोलणाऱ्या समाजावरील तुझ्या प्रबंधाचा मसुदा सावकाश वाचला. मेहनत दिसते, तरीही माझी पहिली हरकत शीर्षकावरच आहे. ‘हरवलेली ओळख’ असे तू म्हणतेस. किल्ली हरवते, छत्री हरवते. त्यात कुणाचा हात नसतो. स्कॉटलंडचा डोंगराळ भाग, त्यापलीकडची बेटे आणि आयर्लंड येथे जे घडले त्यातले काही हिरावून घेतले गेले, तर काही लोकांनी स्वतःच्या हातांनी टाकून दिले. कोणत्या घटनेला कोणते क्रियापद लागू पडते हे ठरवणे, एवढेच काम तुला दुसऱ्या मसुद्यात करायचे आहे.

हिरावण्याचा पुरावा सरकारी कागदांतच आहे. 1609 मध्ये स्कॉटलंडच्या आयोना बेटावर झालेल्या नियमांनी असे बंधन घातले, की ज्याच्याकडे साठ गाई आहेत अशा प्रत्येकाने थोरल्या मुलाला सखल प्रदेशातील शाळेत इंग्रजी शिकायला पाठवावे. पुढे 1616 मध्ये एडिंबरोच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, गावोगाव शाळा काढण्याचा आदेश देताना गेलिक भाषा नाहीशी करण्याचा हेतूही उघडपणे लिहून ठेवला. तू 1616 वर चार पाने खर्च केलीस आणि त्या साठ गाईंना एक ओळ दिलीस. मी उलट केले असते. शाळा सर्वत्र पोचायला फार काळ गेला, पण तोवर कुळांच्या प्रमुखांची मुले इंग्रजी रीतभात घेऊन परतू लागली होती, आणि भाऊबंदांची भूमी त्यांना हळूहळू स्वतःची मालमत्ता वाटू लागली. पिढ्यान्‌पिढ्या जिथे नांदलो तिथे राहण्याचा जो हक्क, त्याला गेलिकमध्ये ‘दुहखस’ म्हणत. तो कागदावर नव्हता, म्हणून कायद्यापुढे टिकला नाही. मराठीत ‘कूळ’ म्हणजे घराणे आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. तिकडे पहिल्या अर्थाची माणसे पाहता पाहता दुसऱ्या अर्थाची झाली. मेंढ्या जास्त पैसा देतात असे दिसताच सदरलंडच्या जुन्या घराण्याच्या वारसदार काउंटेसच्या जमिनीवरून, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून, 1814 आणि 1819 मध्ये कुटुंबेच्या कुटुंबे हुसकावली गेली आणि घरांची लाकडे जाळली गेली. हिरावणारा नेहमी परकाच असतो हे तुझे गृहीतक येथे कोसळते.

टाकून देण्याविषयी लिहिताना मात्र हात आखडता घे. आयर्लंडमध्ये मुलाच्या गळ्यात एक काठी बांधत. तिला ‘बाता स्कोर’ म्हणत. मूल आयरिश बोलले की काठीवर एक खाच पाडायची आणि दिवस मावळला की खाचा मोजून तितक्या छड्या द्यायच्या. हे केवळ शाळेत घडले असते तर जुलूम म्हणून मोकळे होता आले असते, परंतु कित्येक घरांत खाच पाडणारा हात बापाचाच होता, आणि त्या बापाला स्वतःला इंग्रजीचा गंधही नसे. 1845 नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. बोटीवर चढणाऱ्या मुलाच्या गाठीला इंग्रजी असावी, हा त्यामागचा हिशेब होता. त्या बापाला दोष देण्यापूर्वी आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या एखाद्या पालकाशी बोलून ये.

आता तुझ्या मसुद्यात जे अजिबात नाही ते. 1792 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील रॉस परगण्यातील लोकांनी जमीनदारांच्या हजारो मेंढ्या हाकून लावल्या आणि लष्कराने त्यांचा बंदोबस्त केला. दुसऱ्याच वर्षी त्याच परगण्यातून आणि लुईस बेटावरून ब्रिटिश सैन्याची 78 वी हायलँडर, म्हणजे डोंगरी लोकांची, पलटण उभी राहिली. 23 सप्टेंबर 1803 रोजी ती आपल्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. 1746 च्या कायद्याने गावात या डोंगरी लोकांच्या ज्या चौकटीच्या कापडाच्या पोशाखाला बंदी झाली, तो सैन्यात मात्र चालत होता. बंदी 1782 मध्ये उठली तोवर तो पोशाख साम्राज्याचा गणवेश होऊन बसला होता. मराठी वाचकासाठी लिहिताना तू असई वगळलीस, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले. ज्यांचे हिरावले गेले तेच आपल्याकडे हिरावायला आले, ही गोष्ट सहानुभूती कमी करण्यासाठी नको, तर हिशेब पुरा व्हावा म्हणून हवी.

आयर्लंड आणि ब्रिटनच्या मधल्या मॅन बेटाचे प्रकरण तू 1974 मध्ये नेड मॅड्रेल या तिथल्या मँक्स भाषेच्या शेवटच्या जन्मजात भाषकाच्या मृत्यूवर संपवले आहेस. ते तिथे संपत नाही. युनेस्कोने 2009 मध्ये मँक्स भाषा नामशेष म्हणून नोंदवली, तेव्हा बेटावरील मँक्स माध्यमाच्या शाळेतील मुलांनी पत्र पाठवून विचारले, की मग आम्ही हे कोणत्या भाषेत लिहितो आहोत? नोंद बदलावी लागली. ही मुले ज्या भाषेत भांडली ती त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरची नव्हती, शाळेत शिकलेली होती. तिला त्यांची ‘ओळख’ म्हणायचे की नाही, याचा निर्णय तू टाळला आहेस.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर अनोळखी पोराला नाव विचारण्याऐवजी ‘को लेश ऊ?’ असे विचारत. शब्दशः, ‘तू कोणाचा?’ आपल्या खेड्यातील म्हातारी विचारते तसेच. तुझी प्रस्तावना या प्रश्नापासून सुरू कर, आणि असईवरचे प्रकरण आधी पाठव.

तुझा,
सर